मन्याडकाठी फोडलेलं कुलूप

गंगाराममामांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी त्यांना पकडायला गेलो तेव्हा. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, एवढं मला कळतं. पण संपादक मंडळींनी ‘जे खरं तेच लिहा’ असं बजावलं आहे, आणि मामांविषयी लिहायला बसल्यावर दुसरं काही लिहायला माझा हातही धजत नाही.

निजामाचं राज्य होतं. रझाकारांची धामधूम सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. मी लातूरचा. घरी तेलबियांची आडत, गळ्यात लिंग, आणि दारूचा नुसता उल्लेख झाला तरी आई तोंडाला पदर लावायची. अशा घरातला मुलगा, उर्दू बरी येते एवढ्या भांडवलावर, आबकारी खात्यात दारोगा झाला आणि नेमणूक निघाली कंधारला! वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, “सरकारी नोकरी हाय, जा. पण पत्रात खात्याचं नाव लिहीत जाऊ नको.”

कंधारला रुजू झालो त्याच आठवड्यात एक निनावी अर्ज आला. मन्याड नदीच्या काठी गंगाराम भट्टीवाले सरकारी परवान्यावर मोहाची दारू गाळतात, पण पहिल्या धारेची दारू सरकारपासून लपवून जमिनीत पुरतात, असा आरोप होता. नवा दारोगा, नवी टोपी. दोन जवान घेऊन मी थेट भट्टीवर धडकलो. मामा तांब्याच्या हंड्यासमोर उकिडवे बसले होते. हंड्याच्या नळीतून पहिली धार सुरू झाली, त्यांनी लोटा भरून घेतला आणि माझ्यादेखत मातीत ओतून दिला.

मी ओरडलो, “अहो, हे काय करून राहिले?”

मामांनी मान वर केली नाही. “भुईला देऊन राहिलो, सायेब. पहिला लोटा माणसाचा न्हाई. डोळ्याला वाईट, डोक्याला वाईट.”

“लोक तर पहिल्या धारेची म्हणून जीव टाकतात!”

“टाकतेत की. मागतेत म्हणून इख देऊ का?”

म्हणजे अर्ज अगदीच खोटा नव्हता. दारू रोज जमिनीत जात होती, फक्त ती परत बाहेर येत नव्हती! जवान गालातल्या गालात हसत होते. मामांनी मला बाजेवर बसवलं, माझी जात-रीत ओळखून शेजारच्या वाण्याच्या घरून ताक मागवलं, आणि मी पंचनाम्याचा कोरा कागद घडी करून खिशात घातला.

या ग्रंथाची बातमी फुटली तेव्हा नांदेडच्या एका विद्वान गृहस्थांनी मला विचारलं, दारू गाळणाऱ्याचा कसला गौरव करता? मी म्हटलं, गृहस्था, तुम्ही मामांना काम करताना पाहिलं नाही. मी दारूचा थेंब कधी जिभेला लावला नाही, मामांनीही कधी घोट गिळला नाही. चव घ्यायची, थुंकायचं आणि चूळ भरायची, अशी त्यांची रीत. तरीही सांगतो, इतक्या सचोटीने केलेलं काम मी कचेऱ्यांत पाहिलं नाही आणि पेढ्यांवरही पाहिलं नाही.

किनवटच्या रानातून मोहाची सुकी फुलं गाडीने येत. मामा ती पांढऱ्या धोतरावर पसरून एक एक ओंजळ निवडत. बुरसलेलं फूल सापडलं तर आख्खी टोपली बाजूला. भिजत घातलेल्या मडक्याला ते कान लावून बसत. आत बुडबुडे फुटत असले की म्हणत, “बोलतंय अजून. बोलू द्या.” मडकं गप्प झाल्याशिवाय चूल पेटायची नाही, मग वरून कितीही तगादा असो. दुसरे भट्टीवाले नवसागर टाकून दोन दिवसांत उरकत. मामांच्या भट्टीवर नवसागराचा खडासुद्धा कोणी आणलेला नव्हता.

पहिल्याच पावसाळ्यात मला हिवतापाने धरलं. परगाव, जवळ घरचं कोणी नाही. मामांच्या हातचं मी खाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा राग त्यांनी कधी धरला नाही. बाजारातल्या एका लिंगायत दुकानदाराच्या घरी जाऊन त्यांनी माझ्यासाठी ज्वारीची पेज ठरवली. सतरा दिवस ती पेज आली. मामा रोज माझ्या उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून विचारत, “आज किती वाट्या गेली?” आत या म्हटलं तर म्हणत, “हितंच बरं हाय.” मी त्यांच्या घरी जेवलो नाही याची लाज मला पुढे फार वर्षांनी वाटली. मग मात्र गेलो आणि दोन भाकरी जास्तीच खाल्ल्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. तालुक्यात ती सगळ्यांना माहीत आहे, निदान आपल्याला माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं.

त्या वर्षी माळेगावची जत्रा तोंडावर आली होती. नांदेडचा एक बडा गुत्तेदार, म्हणजे दारूचा मक्ता घेणारा, सगळ्या छोट्या भट्ट्या गिळायला टपलेला. वरून हुकूम सुटला होता की जत्रेला ठरलेला माल जी भट्टी देणार नाही, तिचा परवाना रद्द. मामा फुलं आणायला किनवटला गेले आणि भट्टी मेव्हण्यांच्या, सटवाजींच्या, हवाली केली. सटवाजी माणूस देवभोळा आणि कष्टाळू. मामा गेले आणि इकडे हंड्याच्या नळीचा सांधा गळायला लागला. सटवाजींनी तांबट बोलावला. सांध्याला नेहमी कथील लागायचं. तांबटाजवळचं कथील संपलेलं, म्हणून त्याने शिसं वितळवून सांधा बुजवला. सटवाजींना वाटलं, गळायचं थांबलं ना, झालं तर मग.

त्या नळीतून जत्रेचा सगळा माल गाळला गेला आणि कोठीत भरला. कोठीला दोन कुलुपं असत, एक मामांचं आणि एक सरकारचं. सरकारी कुलपाची चावी माझ्याकडे. एकदा माल कोठीत गेला की तो सरकारच्या ताब्यात, आमच्या हुकमाशिवाय एक लोटासुद्धा हलवता येत नसे. मी खात्याची काचेची नळी मालात तरंगवून पाहिली. जोर अगदी बरोबर! दुकानदार चाखून गेले आणि म्हणाले, अशी गोड दारू जन्मात प्यालो न्हाई. नांदेडहून आमच्या खात्याचे जिल्ह्याचे वरिष्ठ, खुद्द मोहतमीमसाहेब आले, त्यांनी पेला ओठाला लावून “वाह!” म्हटलं. भट्टी वाचली म्हणून मी खुशीत होतो.

जत्रेच्या गाड्या निघायच्या आदल्या सकाळी मामा परतले. सटवाजींनी कोठी भरताना काढून ठेवलेल्या नमुन्याची वाटी मोठ्या कौतुकाने पुढे केली. मामांनी चव घेतली, थुंकले. पुन्हा घेतली, पुन्हा थुंकले.

“गोड हाय,” ते म्हणाले.

“हाव! समदे तेच म्हणून राहिले!”

“सटवाजी, मोह फुलात गोड असतो. धारेत गोडी कुठून आली?”

मामा उठून नळीपाशी गेले. सांध्यावर नख ओढलं, नख रुतलं. चाकूने कपची काढली आणि चुन्याच्या भिंतीवर घासली. भिंतीवर शिशाची काळी रेघ उठली. सटवाजी होते तिथेच खाली बसले.

भर दुपारी मामा माझ्या कचेरीत आले. सगळं सांगितलं. म्हणाले, “माल ओतून टाकावा लागंल. तुमची चावी द्या.”

मी म्हटलं, “मामा, काचेची नळी बरोबर दाखवते. मोहतमीमसाहेबांनी वाखाणलं आहे.”

“तुमची नळी जोर मोजती, सायेब. इख न्हाई मोजत.”

“मग अर्ज द्या. मी आजच नांदेडला पाठवतो. पंधरा दिवसांत हुकूम येईल.”

“गाड्या उद्या निघतेत.” ते पुढे म्हणाले. “माझ्या बापानं एक गाव बघितलं व्हतं. असाच शिशाचा सांधा. मरण आलं आस्तं तर परवडलं. माणसांचे पंजे लुळे पडले. लेकराला उचलून घेता येईना. चावी द्या, सायेब.”

चावी माझ्या कोटाच्या खिशात होती. मी खिशावर हात ठेवला. वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, नोकरी आली, मोहतमीमसाहेबांचं ते ‘वाह’ आलं. मी म्हणालो, “मला जमणार नाही, मामा.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. “बरं,” एवढंच म्हणाले आणि गेले.

गावातली पाच माणसं साक्षीला बोलावून मामांनी दिवसाढवळ्या पहारीने सरकारचं कुलूप फोडलं. मी धावत पोचलो तेव्हा सटवाजी रडत रडत खड्डा खणत होते. कोणीतरी म्हणालं, नदी जवळच आहे, तिच्यात ओता. मामा म्हणाले, “नदीला जनावरं पितेत.” एकेक घागर त्या खड्ड्यात रिती झाली. त्यांचं वर्षभराचं काम, जत्रा, परवाना, सगळं त्या खड्ड्यात जाताना मी पाहत उभा होतो. काय छाती म्हणावी या माणसाची! आजही आठवलं की असा माणूस आपल्या तालुक्याचा म्हणून ऊर भरून येतो.

पंचनामा मलाच लिहावा लागला. मामा शेजारी बसून सांगत होते, “लिवा, गंगारामानं कुलूप फोडलं. सरकारी माल नासला. लिवा, दारोगासायेब दौऱ्यावर व्हते, त्यांची गाठ पडली न्हाई.”

माझा टाक थांबला. “मामा, पण तुम्ही तर माझ्याकडे...”

“आधी सांगितलं व्हतं म्हणलं तर तुम्ही का थांबवलं न्हाई म्हणून तुमची नोकरी जाईल. तुम्ही गेलात तर तुमच्या जाग्यावर गुत्तेदाराचा माणूस येईल. लिवा म्हणलं की!”

मी लिहिलं. पंचांनी मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने अंगठे उठवले.

मामा हवालातीत गेले. भट्टीला सील लागलं, जत्रेला गुत्तेदाराची दारू गेली. त्या मालाची नमुन्याची एक बाटली नियमाप्रमाणे माझ्या कपाटात होती. ती मी हैदराबादला तपासणीला पाठवली. माझ्या हातून झालेलं काम एवढंच. अडीच महिन्यांनी उत्तर आलं: मालात शिसे आहे, पिण्यास घातक. मामा सुटले, परवाना परत मिळाला. मोहतमीमसाहेबांनी त्या गोड पेल्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही. आणि मला, नमुना तत्परतेने पाठवला म्हणून, शाबासकीचं पत्र आलं! माझ्या वडिलांनी ते चौकट करून लातूरच्या आडतीत टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायचो.

पुढे राज्य गेलं, कायदे बदलले, मामांनी भट्टी आपण होऊन बंद केली. त्याच तांब्याच्या हंड्यातून ते आता ओव्याचा अर्क काढतात. कंधारपासून जळकोटपर्यंत पोट दुखणाऱ्या लेकरांच्या आया तो घेऊन जातात. मडक्याला कान लावायची सवय मात्र सुटलेली नाही.

मागल्या महिन्यात हा लेख मी मामांना वाचून दाखवला. बाजेवर डोळे मिटून ऐकत होते. चावीपाशी आलो तसा त्यांनी हात वर केला. “हे काहून? समद्यांसमोर?”

“तुम्ही हवालातीत गेलात, मामा. शाबासकी मला मिळाली.”

“जुनं झालं ते.”

“कागदावर अजून तेच आहे.”

ते बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, “मंग नीट लिवा. पण सटवाजीला नावं ठेवू नका. लई रडला व्हता तो.”

तेव्हा नीट लिहितो. त्या दुपारी दारोगा दौऱ्यावर नव्हता. तो कंधारच्या कचेरीत खुर्चीवर बसला होता, गंगाराममामांनी त्याच्याकडे दोनदा चावी मागितली आणि त्याने ती दिली नाही. मामा पंच्याहत्तर वर्षांत माझ्या माहितीप्रमाणे एकच खोटं बोलले, आणि तेही मला वाचवायला.

मामा, खंडोबाराय तुम्हाला शंभरीपार नेवोत. गुडघे साथ देवोत, कान आणि जीभ अशीच तल्लख राहोत. तुमच्यासमोर मान वर करून बसणं मला आज कुठे जमायला लागलं आहे. ते पुष्कळ वर्षं करू द्या.