प्रिंटरच्या मालकाची परवानगी

आमच्या घरात कॉम्प्युटरला 'अहो' म्हणतात.

याला कारण मीच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरात जे काही नवीन आणि विचित्र घडतं, त्याला बहुतेक वेळा मीच कारण असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून एक म्हातारा कॉम्प्युटर निकालात निघत होता. सर म्हणाले, "घेऊन जा. विंडोजऐवजी लिनक्स टाक, हलकं असतं, फुकट असतं. चालला तर चालला." (सरांचा 'चालला तर चालला' हा शेरा मला पुढे फार वेळा आठवला.)

लिनक्स टाकताना त्याने पहिल्याच पडद्यावर भाषा विचारली. केवढी मोठी यादी! मी खाली खाली जात राहिले, आणि एका ओळीत चक्क 'मराठी' असं लिहिलेलं. मी आईला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली.

"आपली भी आहे त्याच्यात?"

"आहे ना. कोणीतरी बसून सगळं मराठीत करून ठेवलंय."

"कोनं? अन् कायले?"

याचं उत्तर मला आजही देता येत नाही. पण मी मराठीवर टिचकी मारली आणि पडद्यावर आलं: 'कृपया प्रतीक्षा करा.' बाबा मार्केट यार्डात हमाल आहेत. दिवसभर त्यांना "ए, सरक बाजूला" एवढंच मराठी ऐकायला मिळतं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, टोपी काढली आणि खुर्चीवर ताठ बसले.

"एवढ्या मानानं सांगून रायले," ते म्हणाले, "त थांबाव लागते."

तेव्हापासून ते 'अहो'.

आता मसाल्याचं सांगते. आम्ही मूळचे यवतमाळकडचे. आईच्या हातचा काळा मसाला आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. आई चार घरी पोळ्या लाटते आणि तिचे गुडघे अलीकडे जिन्याला नाही म्हणतात. त्यातल्या एका घरच्या काकूंनी मसाल्याची पुडी नारायण पेठेतल्या बापटकाकांच्या दुकानात पोचवली. बापटकाकांनी वास घेतला आणि आईला बोलावून सांगितलं, "मसाला चांगला आहे. निनावी पुडी मी ठेवत नाही. शनिवारी छापील लेबल लावून आणा. जमणार नसेल तर येण्याचा त्रास घेऊ नका."

दुकानात मसाला लागला, तर आईची निदान दोन घरं सुटणार होती. त्यातलं एक तिसऱ्या मजल्यावरचं.

बाबा म्हणाले, "छापखान्यात जातो."

"छापखान्यात कायले?" आई म्हणाली. "माही पोरगी काम्प्युटर शिकून रायली."

झालं! मी मान डोलावली. खरं तर तोवर मी कॉलेजात 'नमस्कार जग' एवढंच छापलं होतं, आणि तेही पडद्यावर.

बाबांच्या शेठनी लेबल छापायचा एक छोटा प्रिंटर अडगळीत टाकला होता. बाबांनी मागितल्यावर त्यांनी तो चिकट कागदाच्या रिळासकट देऊन टाकला. शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो. मी यूएसबीची वायर खोचली. काही झालं नाही. उलटी करून खोचली. परत सुलटी केली. (ती वायर पहिल्या खेपेला बसत नाही हे मला आधीच माहीत होतं. माझ्या शिक्षणाचा तेवढा तरी उपयोग झाला.) मग जोडलेल्या वस्तूंची यादी काढायची आज्ञा दिली, आणि त्या यादीत आमचा प्रिंटर, नाव-गावासकट!

"ओळखलं, बाबा! त्याला काही न सांगता त्याने ओळखलं!"

"ओळखलं त बोलत काऊन नाई?"

आईने त्यांना समजावलं, "अवो, पुन्यातला आहे थो." त्यावर बाबांचं समाधान झालं.

मी लेबलाची फाइल तयार केली: वऱ्हाडी काळा मसाला, खाली आईचं नाव. छापायची आज्ञा दिली. पडद्यावर शांतपणे आलं: 'परवानगी नाकारली.'

"कोनं?" आई.

"म्हणजे... आपण त्या प्रिंटरचे मालक नाही, असं म्हणतंय ते. मालकाची परवानगी पाहिजे."

"आपल्याच घरात?"

"हो."

"आपल्याच टेबलावर?"

"आई, थांब ना जरा."

मी तीच आज्ञा पुन्हा पुन्हा दिली, जणू सहाव्यांदा विचारल्यावर त्याला दया येईल. शेवटी इंटरनेटवर, जिथे असे अडलेले लोक प्रश्न लिहितात, तिथे माझ्या मोडक्या इंग्रजीत मसाल्याच्या लेबलासकट सगळा प्रश्न टाकला. पडद्यावरचा तो संदेश अचूक लिहिता यावा म्हणून आधी एका ठिकाणी उतरवून, म्हणजे चिकटवून ठेवला. कुठे, ते पुढे कळेलच.

आईचा चहा उकळेपर्यंत उत्तर आलं. कुठल्या तरी बर्फाच्या देशातला माणूस होता. त्याच्याकडे हाच प्रिंटर होता. तो चालवायचा प्रोग्रॅम त्याने स्वतःच लिहिला होता आणि सगळ्या जगाला देऊन टाकला होता. त्याने लिहिलं, प्रिंटर वापरणाऱ्यांच्या गटात तुझं नाव घाल, मग बाहेर पड आणि पुन्हा आत ये. शेवटी विचारलं होतं, मसाल्याला वास कसा असतो?

मी ते मोठ्याने मराठीत वाचून दाखवलं. 'बाहेर पड' ऐकून आईने दार उघडलं.

"तसं नाही गं."

"मंग कसं? तेवढ्या दुरून सांगतलं त्यानं, त जा ना वं बाहेर."

मी गटात नाव घातलं, कॉम्प्युटरमधून बाहेर पडले, म्हणजे लॉगआउट केलं. इकडे बाबांनी त्यांचा वेगळाच मार्ग धरला होता. ते खिडकीपाशी जाऊन फोनवर बोलत होते.

"हॅलो शेठ. तो प्रिंटर तुमचाच न? नाई, थो तुमची परवानगी मागून रायला. हाव. वापरू का मंग? हाव हाव, मसाल्यासाठी. बरं, मालक." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "मालक हो म्हनले. आता छापून पाय."

त्याच क्षणी मी पुन्हा आत आले होते. आज्ञा दिली. प्रिंटरने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि पांढऱ्या पट्टीवर आईचं नाव हळूहळू बाहेर यायला लागलं.

आईचं नाव छापलेलं आम्ही रेशन कार्डाशिवाय कुठे पाहिलं नव्हतं. बर्फातल्या एका माणसाने, मराठी करणाऱ्या कोणा अनोळख्याने आणि (बाबांच्या मते) शेठनी मिळून ते छापलं होतं. बाबांनी प्रिंटरला दोन बोटं लावून ती कपाळाला टेकवली. माझे डोळे आईच्या नावावरच होते, त्यामुळे मी लेबल बघत होते, वाचत नव्हते.

आईने मात्र वाचलं. ती एकेक अक्षर लावत वाचते.

"काय वं, हे असंच असते न?"

"हो गं आई, असंच असतं," मी म्हणाले. ज्याला यश मिळालंय तो माणूस जसा मागे न बघता बोलतो, तसं.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिला खुणेने गप्प केलं. सगळ्या पुड्यांना लेबलं लागली.

शनिवारी बापटकाकांनी पहिली पुडी उचलली, चष्मा नाकावर ओढला आणि मोठ्याने वाचलं, "वऱ्हाडी काळा मसाला. परवानगी नाकारली." मग चष्म्यावरून आईकडे पाहिलं. "कोणी?"

मी तो चिकटवलेला संदेश लेबलाच्याच फाइलमध्ये ठेवला होता. हे मला तिथे, तीन गिऱ्हाइकांसमोर आठवलं.

आई अजिबात घाबरली नाही. "मालकानं नाकारली होती," ती म्हणाली. "पन मंग पोरीच्या बाबानं फोन केला, त हो म्हनले."

"असं," बापटकाका म्हणाले. "अन्न खात्यातून माणूस आला, की त्यालाही आपण हेच सांगू. तोपर्यंत दुकान तुम्ही चालवा, मी कारागृहातून मसाला मागवीन."

एक गिऱ्हाईक हसलं. मला वाटलं, गेलं. आईची दोन घरं गेली, तिसरा मजला परत आला, आणि तो मी आणला.

"काका, चूक माझी आहे," मी म्हणाले. "आईची नाही. मी आत्ता घरी जाऊन पुन्हा छापते."

त्यांनी पुडी नाकाजवळ नेली, पुन्हा एकदा वास घेतला. "दुपारनंतर चारला दुकान उघडतं. पाच वाजता आलात तरी मी ओरडणार नाही. सहाला ओरडेन."

घरी बसने येताना मी आईला विचारलं, "तुला दिसलं होतं, तर मग सांगितलं का नाहीस?"

"मले काय समजते, माय? तू कॉलेजात जाते. म्हटलं, असंल काही कारन. तुहे बाबा म्हनले, शिकलेल्या मानसाले टोकू नोको."

मला हसावं की रडावं कळेना. त्या दोघांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकला होता, की डोळ्यांना दिसणारी अक्षरंही त्यांनी खोटी ठरवली होती. इतका विश्वास माझ्यावर मीसुद्धा कधी ठेवला नाही. आणि तो ठेवायचा नसतो, हे सिद्धच झालं होतं.

त्या दुपारी एकही लेबल आईने वाचल्याशिवाय प्रिंटरमधून पुडीवर गेलं नाही. ती अक्षर लावत वाचायची, मान हलवायची, मगच मी चिकटवायचं. साडेचारला आम्ही दुकानात होतो. काकांनी लेबल वाचलं, उलटून मागची बाजूही बघितली आणि काही न बोलता पुड्या फळीवर मांडल्या. ही पसंती आहे हे गिऱ्हाइकांनी आम्हाला समजावून सांगितलं.

आईची दोन्ही घरं सुटली. बर्फातल्या माणसाला मी वासाचं वर्णन लिहून पाठवलं, पण इंग्रजीत 'खमंग' कसं सांगायचं ते मला जमलं नाही. परवा दुकानात एका बाईंनी आईला विचारलं, "लेबल छान आहे हो, कोणी केलं?"

आईने अभिमानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माह्या पोरीनं. काम्प्युटरचं समदं येते तिले. वाचाचं तेवढं शिकून रायली."