आप्पा, आयोवा आणि स्वप्नीलचं लग्न

ऑफिसचे किस्से म्हणजे पार्सलबरोबर फुकट येणाऱ्या चटणीच्या पुड्या. मुद्दाम कुणी जमवत नाही, टाकवतही नाहीत, आणि एक दिवस ड्रॉवर उघडायला जावं तर तो उघडतच नाही! परवा आमची जुनी टीम मल्लेश्वरमला कॉफीला भेटली तेव्हा तसंच झालं. एकानं एक काढला की दुसऱ्याचा तयार. शेवटी हॉटेलवाल्यानं हात जोडले, "अक्का, टेबल रिकामं करा, लोक उभे आहेत!"

आधी आमचं काम सांगते. इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून आम्ही अमेरिकेतल्या एका उमेदवाराचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. तिकडे राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट हायकमांड देत नाही. एकाच पक्षाचे आठ-दहा जण उभे राहतात आणि एकेक राज्य मत देत जातं. त्या पक्षात आधी आयोवा, मग न्यू हॅम्पशायर, मग बाकीची. पहिल्या एक-दोन राज्यांतच निम्मे उमेदवार गारद होतात. कार्यकर्त्यांना मेसेज पाठवणं, कोण आपल्या बाजूचं ते मोजणं, हे सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर चालायचं.

उमेदवाराचं नाव सांगायला करारानं बंदी आहे. कुठल्याशा राज्याचे माजी गव्हर्नर, पांढऱ्या भुवया, दर दोन वाक्यांनी चष्मा पुसायची सवय. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. आप्पा टिकले तर प्रोजेक्ट टिकणार. आप्पा घरी गेले तर आम्ही बेंचवर, म्हणजे काम नाही, पगार चालू, पण किती दिवस ते विचारायचं नाही!

*

टीम लीड होते मल्लूअण्णा. मूळचे निपाणीचे, राजाजीनगरला वीस-पंचवीस वर्षं राहिलेले, एका वाक्यात मराठी-कन्नड दोन्ही उरकणारे. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "अण्णा, आयोवा एवढंसं राज्य, माणसांपेक्षा डुकरं जास्त. त्यांनी काय ठरवायचं?"

अण्णांनी कॉफी खाली ठेवली. "अनघा, लग्नात पहिल्या पंगतीला किती माणसं असत्यात?"

"असतील थोडी."

"पहिल्या पंगतीनं भाजी खारट म्हटली की दुसरी पंगत चव घ्यायच्या आधीच ताक मागायला लागती बगा. तिसऱ्या पंगतीपर्यंत आचारी पळालेला असतोय!"

एवढं सोपं मला नंतर कुणीच सांगितलं नाही.

*

नागपूरच्या स्वप्नीलला मात्र ते पटेना. "अण्णा, लोकाईले स्वतःचं डोकं नाही का?"

अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब." मतमोजणीचं नवं मॉड्यूल तपासायचं होतंच. त्यांनी जाहीर केलं, शुक्रवारच्या टीम ब्रेकफास्टला काय मागवायचं, यावर मतदान! उमेदवार चार: मिसळ, दोसा, पोहे आणि उप्पीट. प्रत्येक कॅब म्हणजे एक राज्य. कॅब पोचेल तसं मतदान, आणि निकाल लगेच मोठ्या स्क्रीनवर.

सगळ्यात आधी आली राजाजीनगरची कॅब. आत तीन माणसं. एकीची अक्कलदाढ आदल्या दिवशी काढलेली, तिला मऊच हवं होतं. एकाला डॉक्टरांनी तेलकट बंद केलेलं. झालं, स्क्रीनवर अक्षरं झळकली: 'उप्पीट आघाडीवर!'

दुसरी कॅब आली. मिसळवाल्यांनी स्क्रीन बघून मान टाकली. "आता मिसळ काही येत नाही. मत वाया कशाला घालवा? निदान पोहे तरी पाडू." त्यांनी उप्पीटाला मत दिलं. पोहेवाल्यांनी मिसळीवरचा राग काढायला उप्पीटाला दिलं. मग आमची इलेक्ट्रॉनिक सिटीतली भाड्याच्या फ्लॅटवाली मंडळी चालत चालत आली. सगळ्यात मोठा गट आमचा! पण तोवर मिसळ आणि पोहे शर्यतीतून बाद झाले होते आणि दोसा धापा टाकत होता.

शुक्रवारी पातेलंभर उप्पीट आलं. इथले लोक त्याला प्रेमानं काँक्रीट म्हणतात, ते उगाच नाही. स्वप्नील प्लेट हातात धरून सगळ्यांकडे बघत राहिला.

"बे, इथं एका तरी माणसाले उप्पीट आवडते का?"

कुणीच हात वर केला नाही. दाढवालीनंसुद्धा! ती तोवर बरी झाली होती.

अण्णा म्हणाले, "सरी." म्हणजे कन्नडात बरं. "आता कळलं न्हवं आयोवा?"

*

एकदा एक वकीलबाई अमेरिकेतून व्हिडिओवर आल्या आणि त्यांनी आम्हाला कायदा समजावला. परदेशी माणसानं त्यांच्या निवडणुकीच्या निर्णयांत भाग घ्यायचा नाही. सॉफ्टवेअर दुरुस्त करा, पण काय बोलावं, कुठे जावं, कुठला फोटो लावावा, यावर मत द्यायचं नाही. अजिबात नाही!

मी पुण्याची. मत न देता आठ तास बसायचं म्हणजे काय, याची कल्पना त्या बाईंना नव्हती.

मी तरी सहन केलं. अण्णांना जमेना. आप्पांच्या प्रचाराची मुख्य होती डोना, रोज सकाळी आमच्या कॉलवर यायची. एकदा ती चुकून प्रचाराचंच पोस्टर दाखवत बसली. आप्पा ट्रॅक्टरवर, अंगात सूट, पायात चकचकीत बूट. अण्णांना ठसका लागला. डोना थांबली, तिनं पोस्टर पुन्हा पाहिलं, आणि ते गेलं! दुसऱ्या दिवशी आप्पा गाईजवळ, पण गाईकडे पाठ. अण्णांना पुन्हा ठसका. तेही पोस्टर गेलं! तिसऱ्या दिवशी डोनानं पोस्टर लावलं आणि काळजीनं विचारलं, "मल्लू, आज घसा कसा आहे?"

संध्याकाळी वकीलबाईंची मेल आली. एकच ओळ होती: 'यापुढे कॉलवर खोकला आल्यास कृपया म्यूट करावे.'

*

आयोवात मतदानाच्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी. तिकडे संध्याकाळी शेजारीपाजारी शाळेच्या हॉलमध्ये जमतात, एकेका उमेदवारासाठी कुणीतरी उठून चार शब्द बोलतं, मग चिठ्ठीवर नाव लिहितात. म्हणजे घराबाहेर पडल्याशिवाय मत नाही. म्हणून आमचं सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांना हवामानाचा मेसेज पाठवायचं.

त्या दिवशी काम स्वप्नीलकडे होतं. तापमान दिसत होतं वजा वीस. त्यानं शांतपणे वजा काढून टाकलं. मेसेज गेला: 'आज तापमान वीस. भेटू या!'

लगेच एका आजीबाईंचं उत्तर आलं, "देवाची कृपा! आज टोपी न घालता निघते."

डोनाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज थंडीपेक्षा वाईट होता. दुरुस्तीचा मेसेज तत्काळ गेला, आजीबाई अंगणातूनच परतल्या, टोपी घालून पुन्हा निघाल्या. पण डोनाला उत्तर हवंच होतं. वजा कुणी काढलं? का काढलं?

स्वप्नील इमानदारीनं म्हणाला, "मॅडम, मला वाटलं टायपिंग मिस्टेक आहे. आमच्या नागपूरला ते लागतच नाही."

*

याच स्वप्नीलचं तेव्हा लग्न जुळत होतं. मुलगी नागपूरची, नाव मृणाल. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं, पण तिचे बाबा सरकारी खात्यातून रिटायर झालेले. त्यांचा एकच प्रश्न: "नोकरी पर्मनंट आहे ना?"

आम्ही सगळ्यांनी सांगितलं, हो म्हण. पण स्वप्नीलला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "काका, सध्या सगळं आयोवावर आहे."

"आयोवा म्हणजे कंपनी का?"

"नाही काका, राज्य आहे."

मग काकांचा आवाज एकदम मऊ झाला. "राज्य सरकारची आहे का? मग आधी सांगायचं ना, स्वप्नीलराव!"

*

खरं कळल्यावर काका रागावले नाहीत, पण लग्नाची तारीख काढायचं काम थांबलं. आता ते आयोवाच्या मागे लागले. आमच्याआधी बातम्या त्यांना कळायला लागल्या.

आयोवाचा निकाल आपल्याकडे सकाळी लागतो. आम्ही पहाटेच्या कॅबनं पोचलो होतो. आप्पा तिसरे आले! तिकडे नुसता जल्लोष. फुगे काय, झेंडे काय, आप्पा चष्मा पुसायचंही विसरले. आणि जो पहिला आला होता तो बिचारा पत्रकारांपुढे खुलासे देत होता, की याहून जास्त मतं का नाही पडली. चौथ्यानं तर तिथल्या तिथे हात जोडले आणि घर गाठलं.

काकांचा फोन आलाच. "स्वप्नीलराव, तिसऱ्याले आमच्याकडे पडला म्हणतात. हे फुगे कायचे उडवून राहिले?"

"काका, सगळ्यांनी आप्पांना सहावे धरले होते. धरलं त्यापेक्षा वर आले ना! तिकडे त्यालाच जिंकणं म्हणतात. आता पेपरवाले विचारतील, देणगीवाले विचारतील."

काकांनी विचार केला. "म्हणजे आमच्या मृणालसारखंच. बारावीले नापास होते म्हणून महिनाभर रडली, आणि सेकंड क्लास आणला. मी पूर्ण गल्लीत पेढे वाटले होते! फर्स्ट क्लासवाल्याच्या घरी मात्र सुतक."

सगळ्या अमेरिकन वाहिन्यांनी मिळून एवढं स्वच्छ सांगितलं नसेल.

*

न्यू हॅम्पशायरमध्ये एक इवलंसं खेडं आहे. तिथले लोक मध्यरात्रीच्या ठोक्याला मत देतात आणि लगेच मोजतात. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा. आम्ही इडली-वडा घेऊन स्क्रीनसमोर बसलो. अख्ख्या गावाचे मतदार आमच्या एका कॅबमध्ये मावले असते!

मोजणी झाली. आप्पांना एक मत.

एक! पण आम्ही असे ओरडलो की शेजारच्या टीमचा मॅनेजर धावत आला. राज्यातलं पहिलं मत मोजलं गेलं आणि त्यात आपण होतो. मग सगळे त्या एका माणसाबद्दल बोलायला लागले. कोण असेल? म्हातारा की तरुण? सगळं गाव एकीकडे असताना एवढ्या थंडीत उठून आप्पांना मत देणारा! मी म्हटलं, नक्की कुणीतरी तत्त्वाचा माणूस असणार. स्वप्नील म्हणाला, "त्याले लग्नाची पत्रिका धाडू."

डोना कॉलवर होती. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "तो आमचाच स्थानिक कार्यकर्ता आहे. आणि त्याची बायकोही तिथेच मतदार आहे."

*

यावरून पुढचं ओळखलंच असेल. न्यू हॅम्पशायरला आप्पा साफ पडले. त्याची मोठी हकिगत नाही. आम्ही काही दिवस बेंचवर काढले, आणि मग कंपनीनं तेच सॉफ्टवेअर आप्पांच्या प्रतिस्पर्ध्याला विकलं. ज्याला आम्ही कालपर्यंत खडूस म्हणत होतो त्याला! सकाळी कॉलवर त्याचा भलामोठा फोटो आला. मल्लूअण्णांनी घसा साफ केला, आठवणीनं म्यूट केलं, आणि आम्हाला म्हणाले, "बगा, आजपासून हेच आप्पा. सरी?"

*

पण सांगायचंय ते त्याआधीच्या सकाळचं. न्यू हॅम्पशायरच्या निकालाची सकाळ. तेव्हा पुढे काय होणार, हे आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

आप्पा स्टेजवर आले. शेजारी बायको, मागे दोन मुली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातलाच नाही. म्हणाले, लोकांनी मला जेवढं प्रेम दिलं तेवढं मी परत करू शकलो नाही. मग म्हणाले, मी माझा प्रचार सस्पेंड करत आहे. तिकडे माघार घेतली असं कुणी म्हणत नाही, सस्पेंड म्हणतात. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आप्पांनी आमच्यातल्या एकालाही कधी पाहिलं नव्हतं, आमची नावंही त्यांना ठाऊक नव्हती. तरी पाणी आलं.

अण्णा खिडकीशी जाऊन उभे राहिले. आणि सगळे हळूहळू स्वप्नीलकडे बघायला लागले.

तो पांढराफटक पडला होता. "काकांना सांगावं लागंल," एवढंच म्हणाला.

"संध्याकाळी सांग," मी म्हटलं.

"नाही. त्याईले टीव्हीवरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

फोन टेबलावर ठेवून त्यानं स्पीकर लावला. आम्ही टेबलाभोवती उभे.

"काका, स्वप्नील बोलतोय. काका... आप्पा सस्पेंड झाले."

"काय सांगता!" काकांचा आवाज एकदम वर गेला. "सस्पेंड?"

"हो काका. आत्ताच. म्हणजे आता आमचंही काही खरं नाही. मृणालला... तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार लोटल्यासारखं वाटलं. मग काका अगदी हळू, जिव्हाळ्यानं बोलायला लागले.

"स्वप्नीलराव, घाबरू नका. सस्पेंड म्हणजे काही नोकरी गेली असं नसते. चौकशी लागते, अर्धा पगार येते, चार लोक चार गोष्टी बोलतात. आपण खाली मान घालून घरी बसायचं. सहा महिन्यांत सन्मानानं परत घेतात. अहो, मी स्वतः दोनदा सस्पेंड झालो होतो! काही बिघडलं का माझं? तुम्ही तारीख काढा लग्नाची."

स्वप्नील तोंड उघडं टाकून फोनकडे बघत होता. अण्णा खिडकीपासून टेबलापाशी आले होते.

आणि तेवढ्यात काकांच्या मागून, बहुतेक त्या लोटलेल्या दाराच्या पलीकडून, काकूंचा आवाज आला,

"अहो... दोनदा?"