तांबेबाईंनी न पाठवलेली छायाचित्रे

डॉ. सुमती तांबे यांची आणि माझी पहिली भेट महाविद्यालयाच्या मागच्या नळावर झाली. वनस्पतिशास्त्राचा अधिव्याख्याता म्हणून मी त्या सकाळी रुजू व्हायला आलो होतो. साडी वर खोचून एक बाई घमेल्यातली कालवे ब्रशने घासत होत्या. आमचा विभाग प्राणिशास्त्राच्या शेजारी आहे असे कळले होते, म्हणून प्राणिशास्त्र विभाग कुठे, असे मी त्यांनाच विचारले. "विभाग हाच. इमारत तिकडे आहे," त्या म्हणाल्या. त्याच विभागप्रमुख आहेत, हे मला दुपारी कळले.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात गोड लिहावे, अशी संपादकांची अपेक्षा असणार. पण बाईंशी केंद्राच्या एका कार्यालयाने जे वर्तन केले, ते गाळून त्यांचा गौरव करणे मला जमणार नाही. सांगताना आवाज चढला तर वाचकांनी समजून घ्यावे.

कालवे म्हणजे खाडीतल्या खडकांना चिकटून वाढणारे शिंपले. ओहोटी लागली की आसपासच्या वाड्यांतल्या बायका ती फोडून आतला गर काढतात आणि रत्नागिरीच्या बाजारात आणून विकतात. ही कालवे वर्षागणिक कमी का होत आहेत, हा बाईंचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांना केंद्र सरकारचा तीन वर्षांचा संशोधन प्रकल्प मंजूर झाला. एक चांगला सूक्ष्मदर्शक आला. अश्विनी नावाच्या, दोन मुलांची आई असलेल्या आमच्या माजी विद्यार्थिनीची प्रकल्प सहायक म्हणून नेमणूक झाली. ठरलेल्या खडकांवरची कालवे दर पंधरवड्याला मोजली जाऊ लागली.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तीन ओळींचे पत्र आले. प्राधान्यक्रमांची फेररचना झाल्यामुळे अनुदान थांबवण्यात येत आहे. कारण विचारायचे तर कोणाला, हेही त्यात नव्हते. आणि त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात ठळक बातमी होती : प्राध्यापकांच्या संशोधनासाठी केंद्राकडून भरघोस वाढ! आमच्या एका सहकाऱ्यांनी तर स्टाफरूममध्ये बाईंचे अभिनंदन केले. बाईंनी पत्र त्यांच्या हातात दिले. वाढ झाली हे खोटे नव्हते. ज्यांच्या प्रयोगशाळेत पाच सूक्ष्मदर्शक होते, त्यांना सहावा मिळाला. कोकणातल्या महाविद्यालयाला बातमी मिळाली.

बाईंनी फोन केले. एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवत राहिले. शेवटी त्या स्वतःच्या पदराला खार लावून दिल्लीला गेल्या आणि दोन दिवस व्हरांड्यात बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी एका अधिकाऱ्यांनी उभ्या उभ्या सांगितले, "विषय फार स्थानिक आहे, मॅडम."

"साहेब, कालव एकदा खडकाला चिकटले की जन्मभर हलत नाही. त्याचा अभ्यास स्थानिकच असणार," बाई म्हणाल्या.

बघतो, असे उत्तर मिळाले. अजून बघणे चालू असावे.

अश्विनी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत खोकी भरण्याच्या कामावर लागल्या. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई! खडकावरच्या बायकांना मात्र निरोप पाठवून भागणार नाही, असे म्हणत बाई स्वतः खाडीवर गेल्या. मीही बरोबर होतो. अनुदान बंद झाले, यापुढे मोजायला कोणी येणार नाही, एवढे त्यांनी सांगितले. त्या बायकांत वयाने मोठ्या असलेल्या ताईबाईंनी हातातले काम थांबवले.

"सरकारचा बंद झाला. खाडीचा कुठं बंद झालाय? आमी रोज हतंच असतो. काय मोजायचा ता सांगा."

बाईंनी दुसऱ्याच दिवशी वह्या नेऊन दिल्या. पुढची चार वर्षे त्या बायकांनी मोजणी केली. अश्विनी रविवारी येऊन आकडे तपासत. कोवळी कालवे खडकाला चिकटतात त्याच महिन्यांत मोठी फोडताना त्यांचाही चुराडा होतो, हे त्यातून स्पष्ट झाले. तेव्हा बायकांनीच आपसात ठरवून खडकांचा एक पट्टा त्या महिन्यांपुरता सोडून दिला. दोन वर्षांनी तिथे इतकी कालवे झाली की पाऊल टेकायला जागा उरली नव्हती.

शोधनिबंधात पहिले नाव अश्विनींचे घातले गेले, पाठोपाठ ताईबाईंचे आणि त्यांच्या सोबतिणींचे. त्यांचे आभार मानले की पुरे, असे मी सुचवले. बाईंनी चष्म्यावरून बघितले. "मोजले कोणी?"

निबंधाची वाखाणणी झाली आणि लगेच त्याच कार्यालयाचा मेल आला. यशोगाथांच्या प्रदर्शनासाठी खडकांची छायाचित्रे पाठवावीत, आणि कार्यालयाच्या भरीव साहाय्याचा उल्लेख करावा! निर्लज्जपणालाही काही मोजमाप असावे.

इथे मला माझीही लाज सांगितली पाहिजे. मी म्हणालो, "बाई, पाठवून द्या. पुढचा प्रकल्प सुकर होईल."

"तुमचा अर्ज तिथे पडून आहे ना? त्याची भीती वाटते का? खरे सांगा."

मी मान खाली घातली. बाई रागावल्या नाहीत. "चला, ज्यांचे खडक आहेत त्यांना विचारू," म्हणाल्या.

मेल त्यांनी खाडीवर वाचून दाखवला. ताईबाई हसल्याच. "फोटू कशाला? त्यांना म्हणावा, या ओहोटीच्या टायमाला. पाय भिजवा नि बघा."

बाईंनी उत्तर लिहिले : "आपले साहाय्य दुसऱ्या वर्षी संपले. पुढचे काम या बायकांचे आहे. त्यांचा निरोप जसाच्या तसा कळवत आहे." खाली ताईबाईंचे शब्द. छायाचित्र एकही नाही.

पाय भिजवायला कोणी आले नाही. माझा अर्ज नामंजूर झाल्याचेही समजले. बाईंच्या पत्राच्या कितीतरी आधीच तो नामंजूर झाला होता, मला कळवायचे तेवढे राहिले होते. ज्यांना घाबरून मी मान खाली घातली, त्यांनी माझी फाईल केव्हाच मिटवली होती.

बाई आता निवृत्त होतील. त्यांना उदंड आयुष्य लाभो, निसरड्या खडकावर चालणारे त्यांचे गुडघे शाबूत राहोत, नजर तीक्ष्ण राहो. संताप प्रकृतीला बरा नव्हे, असे डॉक्टर सांगतात. तरीही बाईंचा संताप शंभर वर्षे टिको, आणि त्यांच्या सहवासात इतकी वर्षे काढलेल्या आम्हा भित्र्या माणसांना तो थोडा तरी लागो.