पाला बघणारे साहेब

माणसाचं पोट आणि रानातलं फूल, या दोन्हींत सारख्याच भक्तिभावानं डोकावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: परळच्या आमच्या मिशन इस्पितळातले म्हातारे सर्जन. मी तिथं ऑपरेशनच्या खोलीत नर्स होते. साहेब तरुणपणी विलायतेहून आले ते थेट साताऱ्याकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात, त्यामुळे त्यांचं मराठी तिथल्या शेतकऱ्यांचं होतं. असा गोरापान, उंचनिंच माणूस "काय हुतंय वो, बाई?" म्हणाला की गिरगावातून आलेल्या शिकल्यासवरल्या बायकासुद्धा दुखणं विसरून पदराआड हसत. वनस्पतींचं त्यांना वेड होतं. त्यांचं बायबल कधी नीट मिटतच नसे, कारण त्यात जागोजाग पाला वाळत घातलेला. उपासनेच्या वेळी ते उघडलं की आधी एखादी काडी खाली पडे आणि साहेब वचन सोडून काडीमागं वाकत. एकदा वरळीच्या चाळीतला एक गृहस्थ पोट धरून कण्हत आला. गुडघ्याला त्यानं कसलासा पाला बांधला होता. साहेबांची नजर तिथंच खिळली.

"ह्यो पाला कुठला?"

"साहेब, पोट दुखतंय, पोट!"

"पोटाचं मी बघतो वो. पाल्याचं तेवढं सांगा."

अपेंडिक्स त्याच दुपारी निघालं, माणूस बरा झाला, आणि पाला बायबलात गेला.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस आले. लालबागेत रोज मोर्चे, घोषणा, आणि मधूनच अश्रुधुरानं चुरचुरणारे डोळे. अशातही साहेब सकाळी फिरायला जायचे थांबले नाहीत. एकदा मीही बरोबर होते. गिरणीच्या भिंतीशी उगवलेलं एक रोपटं पाहायला ते खाली बसले आणि बघता बघता भोवती जमाव जमला. एक तरुण पुढं येऊन गरजला, "बोल, मुंबई कुणाची?"

"तुमचीच की," साहेब मान वर न करता म्हणाले, "पर पाय उचला जरा. ह्या रोपावर उभं हायसा."

तो चपापून मागं सरला. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, आणि त्याच पोरांनी आम्हाला इस्पितळाच्या दारापर्यंत सोडलं.

पण ते हसू फार टिकलं नाही. पुढं गोळीबार झाला तेव्हा जखमी माणसं हातगाड्यांवरून, खांद्यांवरून आमच्याकडं येऊ लागली. साहेब सकाळपासून टेबलापाशी उभे होते. पाण्याचा घोटही मी जबरदस्तीनं पाजला. दुपारी एक पोलीस अधिकारी दाराशी येऊन म्हणाला, "यातले दंगलखोर कोण ते सांगा." साहेबांनी रक्तानं भरलेले हात वर धरले. "हितं आत आलेलं समदं पेशंटच असत्यात," ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला काही लागलंय का? नसंल तर भाईर थांबा." तो थांबला.

संध्याकाळच्या सुमारास एका गिरणी कामगाराच्या पोटातली गोळी काढताना साहेबांचा हात थरथरला. त्यांनी हाताकडं पाहिलं, क्षणभर डोळे मिटले आणि समोरच्या तरुण डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "फुडचं तुम्ही करा. ह्यो हात आता माझं ऐकत न्हाई." बाईंनी ऑपरेशन पुरं केलं, कामगार वाचला. साहेबांनी मात्र पुन्हा सुरी हातात घेतली नाही. त्यांना कुणी थांबवलं नव्हतं; त्यांचं त्यांनीच ठरवलं. त्यानंतर ते वॉर्डात रोग्यांपाशी बसत, कुणाला भरवत, कुणाची उशी नीट करत. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी त्या कामगारानं पेढे आणले, तेव्हा त्याच्या पोटावरचा व्रण बोटानं चाचपून ते म्हणाले, "बाईंनी ब्येस शिवलंय."

पुढं मिशननं त्यांना मायदेशी परत बोलावलं. निरोप द्यायला आम्ही सगळे गोदीवर गेलो. माझी मालवणी आईही हट्टानं आली होती. तिनं साहेबांचे भरलेले डोळे पाहिले आणि सरळ विचारलं, "आता घराक जातास मां? मगे रडतास कित्याक?"

साहेबांनी बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाले, "घर कुठलं म्हणायचं, त्येच कळंना झालंय, आई."

आईनं नुसता त्यांचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. बोटीचा भोंगा झाला तरी ती तो सोडीना.