लुमिंगचा सहावा हिस्सा

आमच्या काबुलुहान गावात भाताची निंदणी फुकट असते. बाहेरगावच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. पण जी बाई खाचर निंदते तिलाच ते कापायचा हक्क, आणि कापलेल्या दर सहा पेंढ्यांतली एक तिची. या रीतीला आम्ही गामा म्हणतो. त्यासाठी कुणी कुणाला विचारत नाही आणि कुणी हो म्हणत नाही. बाई खाचरात उतरली आणि मालकाने तिला हाकललं नाही, की झालं ठरलं.

इलुमिनादा, म्हणजे आमची लुमिंग, उभा जन्म या हिश्श्यावर जगली. नवरा ताडी काढताना नारळाच्या झाडावरून पडून गेला तेव्हा धाकटी नेलिया अंगावर पीत होती. तिला आणि तिच्या दोन भावांना लुमिंगने त्या सहाव्या पेंढीवर वाढवलं. माझं दुकान बांधालगतच आहे, त्यामुळे मला ती दिसायची म्हणजे बहुतेक तिची टोपी आणि वाकलेली पाठ. जीभ मात्र ताठ. पायाला जळवा चिकटल्या की त्यांना सांगायची, "प्या बायांनो, पण भातात हिस्सा मागू नका."

ती निंदायची ते मोठं खाचर कॉन्सिंगचं. कॉन्सिंग काही जन्माची मालकीण नव्हे. ती आणि लुमिंग दोघी कुळांच्या पोरी, एकाच चिखलात वाढल्या, एकाच ओळीत कापणी केली. पुढे कुळांना जमिनी मिळाल्या. कॉन्सिंगच्या सासऱ्याने अर्ज केला आणि त्याला मिळाली. लुमिंगचा बाप जमीनदाराला घाबरून घरात बसला. आमच्या गावाचा इतिहास पुष्कळसा असाच आहे. कोण घाबरलं आणि कोण नाही, एवढाच. नेलियाच्या बाप्तिस्म्याला कॉन्सिंग धर्ममाता झाली, तेव्हापासून दोघी एकमेकींना कुमारे म्हणतात. हे नातं आमच्याकडे सख्ख्या बहिणीपेक्षा वरचं. निदान बोलायला तरी.

यंदाही लुमिंग खाचरात उतरली. कॉन्सिंग छत्री घेऊन बांधावर आली, वाकून वाकून बघून गेली आणि दुपारी केळीच्या पानात वाफवलेला गोड चिकट भात, आमचा सुमानसुद्धा पाठवला. गवताची काडी म्हणून राहिली नाही त्या खाचरात.

भात पिकलं तशी लुमिंगने विळ्याला धार लावली आणि सकाळी माझ्याकडे कॉफी प्यायला थांबली. तेवढ्यात घरघर ऐकू आली. कॉन्सिंगचा मुलगा आर्नेल, जो इतकी वर्षं सौदीत होता, हार्वेस्टरवर बसून खाचरात उतरत होता. लुमिंग कप तसाच ठेवून पळाली आणि यंत्रापुढे जाऊन उभी राहिली. मी दुकान उघडं टाकून तिच्या मागे.

"थांबव ते, आर्नेल. हे खाचर मी निंदलंय."

"तिया, बाजूला व्हा. लागेल तुम्हाला." तिया म्हणजे मावशी, पोरगा लहानपणापासून तिला तसंच म्हणतो. "आणि तुम्हाला निंदायला सांगितलं कुणी?"

"आजवर कुणी सांगत होतं?"

त्याने आईकडे पाहिलं. कॉन्सिंग बांधावर छत्रीखाली उभी होती.

"कुमारे, उन्हात कशाला उभी राहतेस?" ती म्हणाली. "वय झालं आता आपलं. जरा आराम कर. तांदळाचं पोतं पाठवते मी घरी."

"पोतं नको. माझा हिस्सा दे."

"हिस्सा कापणीचा असतो गं. तू कुठे कापलंस?"

इतका गोड आवाज होता तिचा, की मलाच तिची छत्री हिसकावून घ्यावीशी वाटली.

"मी चिखलात होते तेव्हा सुमान पाठवलास," लुमिंग म्हणाली. "यंत्र यायचंय हे तुला तेव्हा माहीत नव्हतं?"

कॉन्सिंगने छत्री या हातातून त्या हातात घेतली. उत्तर आर्नेलने दिलं. पोरगा मनाने वाईट नाही, म्हणूनच खरं बोलून गेला.

"निंदायला तर हवंच होतं ना, तिया. गवत असलं की यंत्रात अडकतं."

लुमिंग बाजूला झाली. दुपारपर्यंत खाचर बोडकं झालं. रस्त्याकडेची एक पट्टी तेवढी त्यांनी उभी ठेवली.

ती पट्टी कशासाठी, हे वाडीच्या कप्तानाकडे तक्रार घेऊन गेल्यावर कळलं. कप्तान म्हणजे आमचा पुढारी. त्याच्या शेतावर तेच यंत्र दुसऱ्या दिवशी यायचं होतं, तेव्हा न्याय काय मिळणार ते दिसतच होतं. "रीत आहे, लुमिंग, कायदा नाही," तो म्हणाला आणि लगेच खुर्ची पुढे सरकवली. "बरं झालं आलीस. शेतकऱ्यांच्या संताच्या, सान इसिद्रोच्या सणाला यंदा गावाचा इतिहास दाखवायचाय. नगराध्यक्ष येणार आहेत. जुन्या पद्धतीची कापणी तूच करून दाखव. विळा धरणारं दुसरं आहे कोण?"

मी घरी येताना तिला सांगितलं, "जाशील तर याद राख. तोंडावर थुंकायचं सोडून त्यांच्यापुढे नाचणार आहेस का?"

"ती पट्टी मी निंदलीय," लुमिंग म्हणाली. "दुसरीला कापू देऊ?"

सणाच्या दिवशी बँड वाजत होता. तिला चौकड्यांचा घागरा आणि दुकानातली नवी टोपी घातली होती. नगराध्यक्ष मांडवात, शेजारच्या खुर्चीत शेताची मालकीण म्हणून कॉन्सिंग. शाळेच्या बाई माइकवरून एकोप्याबद्दल बोलत होत्या. लुमिंगने पट्टी कापली. कुणाकडे न बघता, घाई न करता, नेहमी कापायची तशी. बाईंनी आभार मानायला सुरुवात केली, तरी ती थांबली नाही. पेंढ्या बांधल्या. त्यांचे सहा ढीग केले. पाच ढीग एकेक करून कॉन्सिंगच्या पायाशी नेऊन ठेवले. सहावा स्वतःच्या डोक्यावर घेतला.

"कुमारे, हा माझा," ती म्हणाली आणि रस्त्याने घराकडे चालू लागली.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. "पाहिलंत," बाई माइकवर म्हणाल्या, "पूर्वी असा हिस्सा दिला जायचा." लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, नगराध्यक्ष तर उठून उभे राहिले. तो कार्यक्रम नव्हता हे त्या मांडवात मला ठाऊक होतं आणि कॉन्सिंगला. तिने पायाशी पडलेल्या पेंढ्यांकडे पाहिलं, मग नगराध्यक्षांकडे पाहिलं, आणि तीही उठून टाळ्या वाजवू लागली.