हाय तेवढं दाखवा

"हाय तेवढं दाखवा," असं म्हणत मिस्त्री रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे. ड्रॉइंग अर्धं असो की नुसत्या चार रेघा, त्यांना बघायचंच असायचं. मग एखादा शेरा मारायचे, "हितं पाना बसायचा न्हाई." आणि खरंच तिथे पाना बसत नसे. असा माणूस तुमच्याही नशिबी आला असेल, तर मानेमागचा त्याचा श्वास कसा जाचतो ते वेगळं सांगायला नको.

मलकापूरच्या त्या वर्कशॉपमध्ये आम्ही द्राक्षबागेत औषध फवारायची यंत्रं बनवायचो. मी नवा इंजिनियर. ते तासगावकडचे, पंचवीस वर्षांचे मुरलेले फिटर, घरची अर्धा एकर बाग.

पहिलं स्वतंत्र यंत्र मिळालं तेव्हा मी हट्टाला पेटलो. पूर्ण झाल्याशिवाय दाखवायचं नाही. ते आले की स्क्रीन बंद. त्यांच्याकडे एकेक सुटा भाग पाठवायचो, अख्खं यंत्र कधी दाखवलं नाही. आंधळ्यासारखं जोडतोय, एवढंच ते एकदा म्हणाले. ते सगळे महिने मला फार मोकळं वाटलं.

चाचणी तासगावजवळच्या बागेत होती. ट्रॅक्टरवर मीच बसलो. निम्म्या ओळीत यंत्राचा माथा घडांत अडकला. वेलींच्या मांडवाची उंची मी एप्रिलच्या छाटणीनंतर मोजली होती, वेली बोडक्या असताना. आता घड लोंबत होते, तारा वजनाने खाली आल्या होत्या. पुढे गेलो तरी घड तुटणार, मागे गेलो तरी तुटणार. बागवाला डोक्याला हात लावून बांधावर बसला. मिस्त्री रांगत आत आले आणि वरचा सांगाडा एकेक नट काढून सोडवू लागले. दोन तास मी ट्रॅक्टर आणि यंत्राच्या बेचक्यात उभा राहून दोन्ही हातांनी घड उचलून धरले होते. आता ते मला बोलणार, याची वाट बघत होतो. त्यांनी विचारलं, "हात दुखत्यात का?"

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या मालकांनी विचारलं, उंची कुणी बघितली. माझी नोकरी नवी, लग्न ठरलेलं. मी फरशीकडे बघत राहिलो.

"बघायचं माझं ऱ्हायलं," मिस्त्री म्हणाले.

महिनाअखेरीस त्यांना घरी बसवलं. ते निघाले तेव्हा मी बाहेरसुद्धा आलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं, तेव्हा कुठे त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायको, काकू, सांगत होत्या, कामावरून काढल्यापासून त्यांनी पाना हातात धरला नाही, शेजाऱ्याचा पंपसुद्धा दुरुस्त करून दिला नाही. म्हणायचे, माझी नजर गेली. मग काकूंनी विचारलं, "लय मोठी चूक झालती व्हय त्यांची?"

"चूक माझी होती, काकू. मी त्यांना ड्रॉइंग दाखवलंच नव्हतं."



"मग ते हुते तवा यायचं हुतं," त्या म्हणाल्या.