थोरल्याची बाजू

मला चित्रं काढायला कोणी शिकवलं नाही, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पांढुर्ण्याच्या बसस्टँडसमोर एक पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मामाकडे जाता-येता त्याला पाहून, हात काठीवर टेकवून रेघ ओढायची युक्ती मी उचलली. तेवढं श्रेय त्याचं. बाकी सगळं माझं, चुकांसकट.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. सौंसरजवळ आमची शेती, थोडी कपाशी आणि संत्र्याचा बगीचा. अकरावी होऊन मी घरी होते. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला आणलेले ऑइल पेंटचे डबे गोठ्यातल्या फळीवर उरायचे. संत्र्याच्या पेट्यांची झाकणं तिथंच पडलेली असायची. रंग पातळ करायला रॉकेल होतंच. हार्डवेअरच्या दुकानातल्या ब्रशनं दार रंगवता आलं असतं, डोळा नाही. म्हणून थोरल्या बैलाच्या शेपटीचे केस कापून मी बांबूच्या काडीला बांधले. त्यानं लाथ झाडली, ती मी चुकवली.

माझी पहिली गाय आईला शेळी वाटली. मी रागानं ते झाकण चुलीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी नवीन घेतलं. बाबांना मात्र हे सगळे थेर वाटायचे. एकदा श्रावणात ते गोठ्याच्या दारात उभे राहिले.

"काय करून राहिली तू दिवसभर? पोळ्यापावतर एक चित्र असं काढ, का न सांगता वळखू आलं पाहिजे. नाही त मंग हे डबे बंद."

बाबांचा शब्द फिरत नसे. डबे बंद म्हणजे कायमचे बंद. मी "बरं" म्हटलं आणि मनात ठरवलं, आपलीच बैलजोडी काढायची.

दोन्ही बैल पांढरे. परक्या माणसाला कोणता कोणता ते सांगता येत नसे. पण थोरल्याचं डावं शिंग जरासं पुढं झुकलेलं, आणि धाकटा उभा राहिला की मागचा एक पाय नेहमी सैल सोडायचा. रोज दुपारी मी गोठ्यात बसून तेवढंच पाहिलं. पांढऱ्या बैलात पांढरा रंग किती कमी असतो, हे मला तिथं कळलं. सरावाच्या झाकणावर खांद्यावरचा घट्टा मी चार वेळा पुसला. पाचव्यांदा तो जमला, आणि जमला हे मला सांगायला कोणी लागलं नाही.

मग घरात बसून मी जोडी जुवाला जुपलेली काढली, समोरून येणारी. थोरला उजव्या बाजूला चालणारा, म्हणून त्याला झाकणाच्या उजव्या अंगाला ठेवला, धाकट्याला डाव्या.

पोळ्याच्या सकाळी झाकण बाबांसमोर टेकवून ठेवलं. आई दारात पीठभरल्या हातांनी उभी. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"चुकलं," ते म्हणाले.

मी झाकण उचलायला वाकले.

"थोरल्याले डावीकडे कायले जुपलं? तिकून तो पाऊलबी टाकत नाही. अन् धाकटा उजवीकडे? ही जोडी बांधाच्या पुढं जात नाही."

चूक मला तेव्हा कळली. समोरून येणाऱ्या बैलाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण दुसरीही गोष्ट लक्षात आली, आणि मी इतक्या जोरात बोलले की आई दचकली.

"बाबा, थोरला कोणता ते तुम्हाले कोणी सांगितलं?"

बाबांनी एकदा चित्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आई पदरानं तोंड झाकून हसत होती. बाबा उठले आणि शिंगं रंगवायला गोठ्यात गेले.

संध्याकाळी जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या. सगळ्या गावाची शिंगं बुडापर्यंत लाल-हिरवी, आमच्या बैलांची फक्त टोकं रंगवलेली. कोणीतरी बाबांना विचारलंच, "काहो, यंदा रंग पुरला नाही का?"

"पुरला ना," बाबा म्हणाले. "पण पोरीले लागते."